हिरव्या भाताचे सोनटक्केसाहेब

सोनटक्केसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या घराची पायरी चाटत होते.

म्हणजे अगदी ओणवं होऊन नव्हे. आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या पायरीचा एक कोपरा फार दिवसांपासून निखळून पडला होता. तो तुकडा त्यांनी उचलला, रुमालानं पुसला, जिभेचं टोक त्याला लावलं आणि डोळे मिटून स्वस्थ उभे राहिले. आई खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. तिनं मला हाक मारली, "पोरी, इकडं ये. कोणी माणूस आपली पायरी खाऊन राहिला."

मी दार उघडलं. उंच, जरासा वाकलेला, निवृत्तीच्या वाटेला लागलेला माणूस. खांद्याला झोळी, झोळीतून हातोडीचा दांडा बाहेर आलेला. त्यांनी दगड शांतपणे जागेवर ठेवला आणि म्हणाले, "वरची खोली भाड्यानं देणार म्हणे तुम्ही."

आईला रागवावं की घाबरावं ते कळेना. तिनं विचारलं, "दगड काहून चाटून राहिले होते?"

"वहिनी, जिभेले चिकटला तर त्यात मातीचा अंश असते," ते म्हणाले. "हा चिकटला. पण लय नाही चिकटला. म्हणजे दिसून तर असं राहिलं की चुनखडीच असावी. नसू बी शकते."

आईला यातलं काही समजलं नाही, पण वहिनी म्हटलेलं समजलं. खोली दिली.

छत्तीसगढचं नवीन राज्य नुकतंच झालं होतं ते दिवस. भोपाळहून माणसांनी भरलेल्या गाड्या रायपूरला येत होत्या आणि त्यातली निम्मी माणसं स्टेशनवर उतरताच परतीच्या बदलीच्या खटपटीला लागत होती. सोनटक्केसाहेब मूळचे वर्धेकडचे, उभी नोकरी भोपाळात झालेली. वाटणीत ते आमच्याकडे आले. हुद्दा होता वरिष्ठ पर्यावरण भूवैज्ञानिक. मी ज्या खात्यात टंकलेखिका म्हणून लागले होते त्याच खात्यात ते रुजू झाले, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांना मात्र ते महिनाभर कळलं नाही. माणसाच्या तोंडाकडे पाहण्याची त्यांना सवयच नव्हती. ते जमिनीकडे पाहून चालायचे. शेवटी एकदा ऑफिसात माझ्या चपला पाहून थबकले आणि म्हणाले, "बाई, या चपला मी कुठंतरी पाहून राहिलो."

आमचं ऑफिस पंडरीत होतं, कापडाच्या ठोक दुकानांच्या वर. नव्या राज्याला खाती भरपूर मिळाली होती, खोल्या मिळाल्या नव्हत्या. खालच्या दुकानांच्या पाट्या मोठ्या, आमची लहान, त्यामुळे लग्नाची खरेदी करायला निघालेली माणसं सरळ वर यायची आणि विचारायची, "शर्टिंग इधर है क्या?" बाकीचे त्यांना खाली पिटाळत. सोनटक्केसाहेब त्यांना बसवून घेत, गाव विचारत आणि गावाची माती कशी आहे ते विचारत. काळी असेल तर छत्तीसगढात तिला कन्हार म्हणतात, पिवळट असेल तर मटासी. धमतरीकडचं एक कुटुंब नवरदेवाचं कापड घ्यायला आलं आणि तासाभरानं विहिरीचा उतार समजून घेऊन परत गेलं. कापडाचं त्यांच्याही लक्षात राहिलं नसावं.

त्यांचं काम नेमकं काय, हे खात्यात कोणालाच नीट माहीत नव्हतं. काहींच्या मते ते खाणी शोधत, काहींच्या मते झाडं लावत. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, ठाम समजूत होती की ते जमिनीतलं पाणी सांगतात. शेजारच्या एका वकिलांनी त्यांना बोअर कुठे घ्यावी ते विचारलं. साहेबांनी आवारभर फेऱ्या मारल्या, दोन खडे चाटले आणि म्हणाले, "पूर्वेच्या कोपऱ्यात शक्यता आहे. पश्चिमेच्या कोपऱ्यात बी नाही असं नाही." वकील हुशार. त्यांनी मधोमध घेतली. धूळ निघाली. ते तणतणत वर आले तेव्हा साहेब प्रामाणिकपणे गोंधळून म्हणाले, "पण मधात मी कुठं म्हणलं होतं?"

ही त्यांची बोलण्याची रीत होती. धड होय नाही, धड नाहीही नाही. "दिसून तर असं राहिलं" हे त्यांचं पालुपद. सरकारी हिंदीत त्याचं "ऐसा प्रतीत होता है" व्हायचं, आणि त्यांचे अहवाल टाइप करून करून माझ्या मशीनचं 'प्र' बोथट झालं. एका परिच्छेदात जे प्रतीत व्हायचं ते पुढच्या परिच्छेदात "तथापि" म्हणून उलटायचं. शेवटी नेहमी एकच वाक्य, की आणखी पाहणी करावी. अहवाल वाचणारा माणूस सुरुवातीला जितका जाणत असे त्यापेक्षा थोडं कमीच जाणून उठत असे.

आईची अडचण वेगळी होती. तिला त्यांच्या बायकोचा पत्ता लागेना. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "फॅमिली कधी येईल?"

"घर भोपाळले आहे, वहिनी," ते म्हणाले आणि जिन्याच्या दगडाकडे पाहू लागले.

आईनं यातून बायको भोपाळला आहे असं ठरवलं. दिवाळीला ते भोपाळला गेले आणि येताना रिकाम्या हातानं आले, तेव्हा बायकोशी पटत नाही असं ठरवलं. कधी कधी ती लग्नच झालं नसेल इथपर्यंत यायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या शर्टाला शिवलेलं बटण पाहून परत मागे जायची. "ज्याले बायको आहे तो माणूस असं बटण नाही लावत," ती म्हणायची. "आणि ज्याले नाही, त्याले एवढं बी नाही येत."

एकदा आई त्यांची खोली झाडायला गेली. खिडकीत काचेची बरणी होती आणि तिच्यात नारिंगी भुकटी. आईला वाटलं शेंदूर. तिनं चिमूटभर हातावर घेऊन पाहिली, हात नारिंगी झाला, म्हणून मोरीत धुतला. पाणी पडताच ती भुकटी हिरवी झाली. साधी हिरवी नव्हे, पोपटाला लाज वाटावी अशी. मोरीतून ते पाणी गल्लीतल्या नालीत गेलं आणि थोड्याच वेळात आमची सगळी नाली हिरवीगार चमकत वाहू लागली. पारा गोळा झाला. कोणी म्हणालं नव्या सरकारचं फिनाइल असेल. कोणी पोरांना आत ओढून दार लावलं.

तेवढ्यात साहेब स्कूटरवरून आले. आई भीतीनं अर्धी झालेली. ते मात्र स्कूटर तशीच टाकून नालीच्या कडेकडेनं चालू लागले, वळणावर थांबले, वाकले, पुढे गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले. चेहरा उजळलेला.

"वहिनी, आपली नाली मागच्या तलावात जाते असं सगळे म्हणतात नं?" ते म्हणाले. "नाही जात. ती वळून समोरच्या रस्त्याकडं येऊन राहिली. मले किती दिवसांपासून शंका होती."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. पाणी जमिनीखाली कुठून कुठे जातं ते डोळ्यांना दिसत नाही. हा रंग एका जागी टाकायचा आणि कुठल्या विहिरीत, कुठल्या झऱ्यात उगवतो ते पाहायचं. पोटात गेला तरी अपाय नाही. हे सांगताना ते एकदाही "प्रतीत" म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

खदानीचं प्रकरण त्यानंतर आलं.

बीरगांवच्या अलीकडे, कारखान्यांच्या भागात, चुनखडीची एक जुनी खदान पडून होती. दगड काढून झालेला, खाली पाणी साचलेलं. कारखान्यांची राख आणि राजधानीचा वाढता कचरा त्या खड्ड्यात भरून टाकावा असं वर ठरत आलं होतं. फक्त भूवैज्ञानिकाचा एक कागद हवा होता. आमच्या संचालकसाहेबांनी सोनटक्केसाहेबांना बोलावलं. मी टिपण घ्यायला वही घेऊन बसले होते.

"सोनटक्के जी, बस इतना बताइए," संचालकसाहेब म्हणाले. "वहाँ भर सकते हैं? हाँ या ना?"

"सर, ऐसा प्रतीत होता है..."

"प्रतीत नहीं. हाँ या ना."

सोनटक्केसाहेबांनी बराच वेळ टेबलाच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर, पानी से पूछना पड़ेगा."

संचालकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हे टिपायचं की नाही ते मला कळेना, मी टिपलं.

पाण्याला विचारायचं म्हणजे रंग टाकायचा, आणि रंग टाकायला परवानगी हवी. परवानगी कोण देणार? पूर्वी ती ज्या टेबलावर मिळायची ते टेबल भोपाळात राहिलं होतं. इथे ते टेबल अजून आलंच नव्हतं. मी अर्ज टाइप केला, तो भोपाळला गेला. नंतर आमच्याच एका साहेबांनी सांगितलं की तो इथेच द्यायला हवा होता, म्हणून दुसरा टाइप केला. तो कोणाकडे द्यायचा हे विचारायला तिसरा. उत्तर कुठूनच येईना. वरून मात्र अहवालाची घाई होऊ लागली. एका शनिवारी दुपारी सोनटक्केसाहेब जीपमधून ऑफिसात आले. बाह्यांवर नारिंगी डाग होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "विचारून आलो."

त्यांचा अंदाज होता की पाणी पश्चिमेला, खारून नदीच्या बाजूला जाईल. त्या बाजूच्या विहिरींवर ते रोज जाऊन बसू लागले. रंग फिका आला तरी दिसावा म्हणून पांढऱ्या चिनी मातीचा कप घेऊन जायचे, विहिरीतलं पाणी कपात घ्यायचे आणि उन्हात धरून पाहायचे. कपड्याचं भान नाही, दाढी वाढलेली, हातात कप. एका गावात एका म्हातारीनं त्यांना चहाच आणून ओतला. त्यांनी तोही उन्हात धरून पाहिला.

हिरवं काही येईना. आठवडे गेले. संचालकसाहेब खूष झाले, पाणी कुठेच जात नाही म्हणजे खड्डा सुरक्षित. माझ्याकडून मसुदाही टाइप करून घेतला. सोनटक्केसाहेब सही करीनात.

"साहेब, आलं नाही नं कुठं?" मी विचारलं.

"आलं नाही म्हणजे गेलं नाही असं नाही होत, बाई. खदानीतलं पाणी कमी होऊन राहिलं. ते गेलं तर आहे. पण गेलं कुठं?" मग टेबलावर टेकून बसले आणि स्वतःशीच म्हणाले, "मले काहीच समजून नाही राहिलं."

त्यांच्या तोंडून इतकं स्पष्ट वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

लग्नसराई सुरू झाली आणि एका सकाळी ऑफिसात फोन आला. बीरगांवच्या वस्तीत लग्नघरी भात हिरवा झाला होता. विहिरीचं पाणी हिरवं, वरात दारात, आणि वराकडची मंडळी म्हणत होती की विष आहे, नाहीतर करणी आहे. वस्ती नदीच्या उलट बाजूला, त्यामुळे संचालकसाहेबांना रंग आठवलाच नाही, वाटलं कारखान्यातून काही सुटलं. त्यांनी सोनटक्केसाहेबांना पिटाळलं आणि पंचनामा लिहायला मला सोबत दिलं. मी आपण कशासाठी जातो आहोत ते समजून घेईपर्यंत जीप निघाली होती.

घर मनराखनचं. मनराखन म्हणजे कारखान्यात भट्टीवर काम करणारा, केस पिकलेला, बोलायला मृदू माणूस. त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न. अंगणात मांडव, मांडवाबाहेर विहीर, विहिरीभोवती सगळी वस्ती. उन्हात ते पाणी दिव्यासारखं हिरवं चमकत होतं. चुलीवरच्या मोठ्या गंजात भात कच्च्या कैरीच्या रंगाचा. एका बाजूला वराचे वडील पागोटं काखेत धरून उभे, म्हणजे परत निघायच्या बेतात. नवरी आत रडत होती, ते बाहेर ऐकू येत होतं.

सोनटक्केसाहेब विहिरीशी गेले, आत डोकावले आणि हसले. मला धसका बसला. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि हसायची ही जागा नव्हती. पण ते ज्या वाटेकडे इतके दिवस पाहत बसले होते तिच्या बरोबर उलट दिशेला पाणी येऊन उगवलं होतं, आणि त्या घडीला त्यांना तेवढंच दिसत होतं.

मग ते वळले. त्यांना भात दिसला. मांडव दिसला. हसू तिथेच थांबलं. पाण्याच्या वाटेवर कोणाचं लग्न उभं असेल हे त्यांच्या कधी मनात आलं नसावं.

मनराखन हात जोडून पुढे आला. "साहेब, ये का होगे?"

"ये मैंने किया है," सोनटक्केसाहेब म्हणाले.

मी पंचनाम्याचा कागद घट्ट धरून उभी होते. त्यात हे लिहायचं का, कोणाला विचारावं ते सुचेना. साहेबांनी हिंदीत, अडखळत, रंगाची सगळी गोष्ट सांगितली. लोक ऐकत होते, पण चेहऱ्यांवरून काही उतरत नव्हतं. सरकारी माणूस खदानीत रंग टाकतो आणि तो आपल्या भातात येतो, हे पटावं तरी कसं? मला स्वतःला सगळं माहीत असून पटत नव्हतं.

ते एकदम बोलायचे थांबले. विहिरीवरचा लोटा घेतला, भरला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. मग चपला काढून मांडवातल्या पंगतीच्या पट्टीवर जाऊन बसले, एकटेच. पत्रावळ ओढली आणि मनराखनला म्हणाले, "भात दो."

त्यानं भात वाढला. साहेब खाऊ लागले. वरण नाही, भाजी नाही, नुसता हिरवा भात. सगळी वस्ती त्यांच्या घासांकडे पाहत होती. संपला तसा त्यांनी आणखी मागितला.

वराचे वडील जवळ आले. "हम लोग खा सकते हैं?"

मी वाट पाहत होते. आता प्रतीत होईल, आता तथापि येईल.

"खाइए," सोनटक्केसाहेब म्हणाले.

वराच्या वडिलांनी काखेतलं पागोटं डोक्यावर ठेवलं आणि ते त्यांच्या शेजारी बसले. मग एकेक करून पंगत भरली. आतलं रडणं केव्हा थांबलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मीसुद्धा जेवले. भाताला भाताचीच चव होती.

पंगत अर्ध्यात असताना संचालकसाहेबांची गाडी आली. त्यांनी विहीर पाहिली, भात पाहिला, पंगतीत बसलेला आपला वरिष्ठ भूवैज्ञानिक पाहिला. सोनटक्केसाहेब हात धुऊन उठले.

"सर, खदान उधर है, कुआँ इधर," ते म्हणाले. "बीच में कारखाने, सड़क, पूरी बस्ती. पानी ने किसी से पूछा नहीं. आज रंग आया है. राख भरेंगे तो राख का पानी आएगा. वो हरा नहीं दिखेगा, सर."

संचालकसाहेबांनी पुन्हा विहिरीकडे पाहिलं. मग मनराखनच्या बायकोनं त्यांच्याही पुढे पत्रावळ ठेवली.

खदान भरायचा विचार मागे पडला. 'भरू नका' असं कोणी कुठे लिहिलं नाही, दुसरी जागा पाहावी एवढाच शेरा आला. सोनटक्केसाहेबांना विनापरवानगी रंग टाकल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली, ती मीच टाइप केली, आणि तिचं उत्तरही मीच टाइप केलं. दोन्हींच्या मधल्या काळात भोपाळहून पहिल्या अर्जाचं उत्तर आलं. सदर खदान आता आमच्या राज्यात नसल्यानं परवानगी देता येत नाही, तथापि आमची हरकत नाही. ते वाचून सोनटक्केसाहेब म्हणाले, "चांगलं लिहिलं."

माझ्या हिशेबानं गोष्ट इथे संपायला हवी होती. पण त्यानंतर साहेबांचे रविवार बदलले. सकाळी नळ आला की ते मोठे कॅन भरायचे, स्कूटरला दोन्हीकडे बांधायचे आणि निघून जायचे. संध्याकाळी परत यायचे ते कधी भाजी घेऊन, कधी चौसेल्याची पुरचुंडी घेऊन. चौसेला म्हणजे तांदळाच्या पिठाची पुरी, ती काही हॉटेलात मिळत नाही. आईनं माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं.

"बीरगांवले कोण आहे त्यायचं?"

"आई, तिथं विहिरीचं पाणी अजून हिरवं आहे. लोक प्यायला बिचकतात. म्हणून ते आपल्या नळाचं नेतात."

"एक माणूस स्कूटरवर नेते त्या पाण्यात किती जण पितात?" आई म्हणाली. तेही खरं होतं. "बाई असल तिथं. मले तर असंच दिसून राहिलं."

विहीर हळूहळू निवळली. साहेब पांढरा कप घेऊन जायचे आणि येऊन सांगायचे, आता फार फिकं आहे, आता आहे की नाही कळत नाही. मग एका रविवारी नुसतंच म्हणाले, "साफ झालं." पुढच्या रविवारी ते कॅन न घेता गेले. आईच्या दृष्टीनं सगळं सिद्ध झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते खाली आले. नेहमीसारखे दारातच उभे. आई भाजी चिरत होती.

"वहिनी, एक विचारायचं होतं. तो मनराखन आहे नं, लग्नघरवाला. तो म्हणते, मितान बदू."

आईला ते माहीत होतं. छत्तीसगढात राहून ज्याला मितान माहीत नाही असा माणूस कुठला. दोन माणसं देवासमोर मैत्री बांधतात, ती जन्माची. एकमेकांचं नाव पुन्हा घेत नाहीत. गंगेचं पाणी एकमेकांना पाजून बांधली तर दोघं एकमेकांना गंगाजल म्हणतात. मग एकाचं घर ते दुसऱ्याचं घर, सुखदुःखाला हक्कानं यायचं-जायचं.

"हव, चांगलंच आहे," आई म्हणाली. तिच्या डोक्यातली बीरगांवची बाई अजून पुरती गेली नव्हती. "मंग?"

"त्यात दोन्ही घरची माणसं लागतात. त्यायच्याकडून सगळे आहेत. माह्याकडून बी कोणी पायजे म्हणतात." ते उंबऱ्याकडे पाहत होते. "रविवारी तुम्हाला यायचं जमेल का?"

आईची विळी थांबली. "भोपाळहून नाही येणार कोणी?"

"घर आहे भोपाळले, वहिनी. घरात कोणी नाही. कमल होती, ती गेली त्याले आता बरेच दिवस झाले. पोरबाळ नव्हतं. कुलूप आहे. दिवाळीले जाऊन उघडून येतो."

आईनं विळी बाजूला सारली. मग तिनं विचारलं, "नेसाले कोणतं पातळ घालू? तिकडं काय लागते?"

"साधं चालेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "चांगलं बी चालेल."

रविवारी आम्ही तिघं ऑटोनं गेलो. मनराखनच्या अंगणात तांदळाच्या पिठाच्या रांगोळीचा चौक काढला होता, दोन पाट मांडले होते. नवी लग्न झालेली पोरगी माहेरी आली होती, ती धावत येऊन साहेबांच्या पाया पडली. साहेब गोंधळून तिच्या डोक्यावर हात ठेवू की नको असे उभे राहिले, शेवटी ठेवला. दोघं समोरासमोर बसले. मनराखननं छोट्या लोट्यातलं गंगेचं पाणी त्यांच्या ओंजळीत घातलं, ते प्यायले, मग त्यांनी मनराखनच्या ओंजळीत घातलं. टिळे लागले, नारळ बदलले. मनराखन हात जोडून म्हणाला, "सीताराम गंगाजल."

"सीताराम," साहेब म्हणाले. आणि मग, "गंगाजल."

बाया आईभोवती जमल्या होत्या. मनराखनची थोरली बहीण, डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी, आईचा हात हातात घेऊन चाचपत होती. तिला कोणीतरी सांगितलं होतं की साहेबांचं घर भोपाळला आहे.

"भोपाल ले आए हव, दीदी?" तिनं विचारलं. "साहेब के घर ले?" भोपाळहून, साहेबांच्या घरून आलात का, असं ती विचारत होती.

आई आयुष्यात नागपूरच्या पलीकडे गेलेली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. पाटावरून सोनटक्केसाहेबही पाहत होते, चक्क तिच्या चेहऱ्याकडे.

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "हव."